एक मुका, एक खांब

मंडळी, ह्या शनिवारी डेटाबेस नाही, क्लाउड नाही, आणि ॲप्रेझलचं रडगाणंही नाही. आज क्रोशा. हो हो, तोच, आजीच्या टीव्हीवर जो रुमाल पसरलेला असायचा तो. दचकून पळू नका, पुढे थोडं गणित आहे, थोडं भांडणही आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या प्रत्येक माणसाने, बाईने आणि बाप्यानेही, क्रोशाची निदान एक वीण शिकावी. "मन शांत होतं", "ताण जातो" वगैरे कारणांसाठी शिकायची तर शिका, माझी हरकत नाही. पण माझं कारण वेगळं आहे. एक वीण स्वतःच्या हाताने घातली की हातच्या कामाला किती वेळ लागतो ते आकड्यात कळतं. आणि ते एकदा कळलं की महाद्वार रोडला उभं राहून "हातानंच तर केलंय, द्या की दीडशेला" असं म्हणायला जीभ रेटत नाही. निदान माझी तरी रेटत नाही.

आधी वीण. ज्यांनी आयुष्यात सुई धरली नाही त्यांच्यासाठी मी जी सुचवतो तिला इंग्रजीत 'लेमन पील' म्हणतात. लिंबाच्या सालीवर कसे बारीक खडबडीत उंचवटे असतात, तसा पोत येतो म्हणून. दिसायला एकदम अवघड, जणू काही वर्षांची तपश्चर्या. प्रत्यक्षात लागतात फक्त तीन गोष्टी: साखळी, मुका खांब आणि खांब. (मुका म्हणजे मुका-बहिरामधला मुका. हसू नका.)

साखळी म्हणजे सुईवरच्या फासातून दोरा ओढून काढायचा, बस्स. मुका खांब हा बुटका टाका. सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन फास झाले की दोरा घेऊन दोन्हींतून एकदम बाहेर. खांब हा उंच टाका. आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा, मग सुई टाक्यात, दोरा ओढला की सुईवर तीन फास. दोरा घेऊन दोनांतून काढायचा, परत दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढायचा. झालं.

आता नमुना. मफलर करू. जाडसर लोकर, चार मिलिमीटरची सुई. पंचवीस साखळ्या घाला. सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत एक मुका खांब, पुढच्या साखळीत एक खांब, परत मुका, परत खांब... असे चोवीस टाके. शेवटचा टाका खांब येईल. एक साखळी घाला, काम उलटं फिरवा, आणि परत तेच: मुका, खांब, मुका, खांब. (ती फिरवतानाची एक साखळी टाका म्हणून मोजायची नाही.) दुसरी ओळ, तिसरी ओळ, शंभरावी ओळ, सगळ्या सारख्या. पाठ करायचं ते एवढंच: खाली उंच टाका दिसला की त्यावर बुटका, खाली बुटका दिसला की त्यावर उंच. बुटका टाका शेजारच्या उंचाला ओढतो, उंच टाका थोडा वाकून बाहेर येतो, आणि त्यातून तो खडबडीत पोत तयार होतो.

इथे आपल्या जातीच्या लोकांना आनंद व्हावा अशी एक गंमत आहे. टाक्यांची संख्या सम असेपर्यंतच हे आपोआप जुळतं. नवशिके लोक नेहमी ओळीच्या टोकाचा टाका विसरतात, कारण तो कडेला दडून बसलेला असतो. एक टाका सुटला की चोवीसचे तेवीस होतात, ओळ मुक्यावर संपते, आणि फिरवून पहिला मुका घालायला जावं तर खालीही मुकाच! बुटक्यावर बुटका, उंचावर उंच अशा उभ्या रांगा दिसायला लागतात आणि चूक लगेच डोळ्यात भरते. ओळखलंत? पॅरिटी बिट! आणि पॅरिटीची मर्यादाही तशीच आहे. दोन टाके सुटले तर बावीस होतात, बावीस सम, नमुना खुशाल जुळत राहतो, आणि मफलर मात्र गुपचूप अरुंद होत जातो. म्हणून दर दहा ओळींनी मोजावं हे उत्तम.

चूक सापडली तर? उसवायचं. क्रोशात सुईवर एका वेळी एकच फास जिवंत असतो. सुई काढा, दोरा ओढा, हव्या त्या टाक्यापर्यंत मागे या, सुई परत त्या फासात घाला. दोन सुयांच्या विणकामात एक टाका निसटला की तो शिडीसारखा खाली धावत सुटतो आणि काळजाचं पाणी होतं. इथे ती भीती नाही. म्हणून नवशिक्यांना मी क्रोशाच सांगतो.

आणि हाच एक जिवंत फास आपल्या आजच्या मुद्द्याच्या मुळाशी आहे.

बघा, विणायचं यंत्र इंग्लंडात विल्यम ली नावाच्या गृहस्थाने १५८९ साली बनवलं. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे फास एकाच वेळी सुईवर असतात, म्हणून यंत्रात प्रत्येक फासाला एक आकडा लावला की अख्खी ओळ एका झटक्यात होते. कापडाचा मागही १७८५ साली कार्टराइटने यंत्रावर चढवला. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातच बघा की. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, आणि तिथून त्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणेपर्यंत मजल गेली. क्रोशाचं मात्र असं झालं नाही. इथे प्रत्येक टाका आधीच्या टाक्यातून जन्मतो, आणि सुईला दरवेळी तयार झालेल्या विणीत नेमकी जागा शोधून शिरावं लागतं, फिरवायचं, वळायचं, ओढायचं. ओळ एकदम करताच येत नाही. जर्मनीत संशोधकांनी प्रयोगशाळेत साधे टाके घालणारी यंत्रं बनवून पाहिली आहेत, पण बाजारातला क्रोशा आजही हातचाच आहे. कारखान्यांत 'क्रोशे मशीन' म्हणून जे असतं त्यावर निघते ती लेस विणकामाच्याच एका प्रकाराची असते, दिसते फक्त क्रोशासारखी.

ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मॉलमध्ये सहाशे-सातशे रुपयांना खराखुरा क्रोशाचा टॉप टांगलेला दिसला, तर त्यातला प्रत्येक टाका कुठल्यातरी माणसाने, बहुतेक वेळा बाईने, हाताने घातलेला आहे. मोठ्या प्रमाणावर केल्यामुळे स्वस्त पडलं, हे उत्तर इथे लागू नाही. हजार टॉप करायचे तर एका टॉपच्या हजारपट वेळ लागतो. मग स्वस्ताई आली कुठून? लोकरीत, कापसात, दुकानदाराच्या नफ्यात थोडीफार. बाकी सगळी त्या बाईच्या तासात.

आपल्या मफलरचं गणित मांडू. चोवीस टाके रुंद, साधारण पाच फूट लांब करायचा तर १७० ओळी होतात. म्हणजे ४०८० टाके. सरावलेला हात मिनिटाला वीस टाके घालतो असं धरलं तर २०४ मिनिटं, साडेतीन तासाला थोडं कमी. नवशिक्याचा वेग मिनिटाला आठ धरला तर साडेआठ तास. आता सरावलेल्या हाताला तासाला समजा शंभर रुपये द्यायचे (आपण लोक एका कॉफीचे देतो त्याहून कमी), आणि लोकर दीडशेची, तर ४९० रुपयांच्या खाली हिशेब बसतच नाही. आणि हा मफलर म्हणजे क्रोशातला सगळ्यात सोपा प्रकार. बारीक सुईने, सुती दोऱ्याने केलेलं दाराचं तोरण, मोर असलेलं, खाली लोंबणारे गोंडे असलेलं, त्याची गोष्टच सोडा.

हा वेळ दिसत कसा नाही, ह्यावर मारिया मीस नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली एक पुस्तक लिहिलं, आंध्रातल्या नरसापूरच्या लेसकामगार बायकांवर. गोदावरीच्या मुखाजवळच्या ह्या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे त्याचा निर्यातधंदा झाला. मीस बाईंनी दाखवून दिलं की ह्या बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-सहा आठ-आठ तास लेस करत होत्या, माल परदेशात जात होता, व्यापारी गबर होत होते. आणि कागदोपत्री ह्या बायका कोण? तर 'गृहिणी', ज्या 'फावल्या वेळात' काहीतरी करतात. फावला वेळ म्हटलं की मजुरीचा प्रश्नच मिटला! नरसापूरच्या क्रोशाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण मानांकनाने वस्तूच्या नावाचं रक्षण होतं, तासाचा दर त्याने आपोआप वाढत नाही.

आता नरसापूर लांब राहिलं, आपल्या गल्लीत येऊ.

आमच्या शेजारी एक काकू आहेत. मला सुई धरायला त्यांनीच शिकवलं. (गल्लीतल्या पोरांनी "काय भावा, रुखवत मांडायलास काय?" म्हणून घेतली माझी. घेऊ देत.) ह्या काकूंच्या हातची तोरणं, ताटावरचे रुमाल, गणपतीचं आसन निम्म्या पेठेच्या रुखवतांत मांडलं गेलंय. रुखवतात ठेवायचं म्हणून कुणी मागितलं की काकू दोऱ्याचे पैसे घेतात, वर काही घेत नाहीत. त्याला माझा आक्षेप नाही, तो त्यांचा मायेचा व्यवहार आहे.

पण गेल्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या बुटीकवाल्यांनी त्यांना गाठलं. क्रोशाचे चाळीस टॉप हवेत, दोन महिन्यांत, दोरा आमचा, एका नगाचे साडेतीनशे रुपये. काकू खूश. चाळीस गुणिले साडेतीनशे, चौदा हजार! शिलाई मशीनला मोटर, नवीन टेबल, सगळा बेत ठरला. मी म्हटलं, "काकू, एक टॉप घड्याळ लावून करून बघा की." त्यांनी केला. चौदा तास.

मग आम्ही वहीच्या पाठकोऱ्या कागदावर मांडलं. साडेतीनशे भागिले चौदा, तासाला पंचवीस रुपये. चाळीस टॉप म्हणजे ५६० तास. साठ दिवसांत बसवायचे तर रोज नऊ तासांहून जास्त, एकही सुट्टी न घेता, स्वयंपाक-पाणी वेगळं. काकू बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, हे तर मी नोकरीच करायलीय की. आणि पगार कुणी सांगितलाच नाही मला."

त्यांनी फोन करून नऊशे सांगितले. पलीकडून ठरलेली वाक्यं आली: "घरबसल्या तर करता ना", "तुम्हाला आवड आहे म्हणून", "दुसऱ्या बायका तीनशेला तयार आहेत". शेवटी आठशेवर तुटलं, पण ऑर्डर चाळिसाची बारा झाली. बारा गुणिले आठशे, नऊ हजार सहाशे. म्हणजे चौदा हजारांपेक्षा ४४०० कमी. शिलाई मशीनची मोटर आली, टेबल राहिलं. तासाचा दर मात्र पंचवीसवरून सत्तावन्नवर गेला, आणि ३९२ तास काकूंचे काकूंकडे राहिले. मी विचारलं, "वाईट वाटतंय का?" तर म्हणाल्या, "बारा तर बारा. दुपारची झोपते तरी." आता ह्याला विजय म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. उरलेले अठ्ठावीस टॉप कुणीतरी तीनशेला केले असणारच. एका कागदाने बाजार बदलत नाही हे मलाही कळतं.

तरी माझं म्हणणं तेच आहे. निदान काकूंना आपण काय विकतोय हे विकण्याआधी कळलं. आणि घेणाऱ्यालाही ते कळावं, म्हणून तर ही एक वीण शिकायची.

कारण आपला, म्हणजे तुमचा-माझा, दुटप्पीपणा जबरदस्त आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाचे मॉडेल कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालले आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नाही, म्हणून आपण किती पेटलो! बरोबरच होतं पेटणं. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, मूळ सांगायलाच हवं होतं, आणि बोंब झाल्यावर कंपनीने ते मान्यही केलं. पण त्या दिवसांत चिडून स्टेटस ठेवणारे किती जण चप्पल लाईनीत कारागिराशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतात, हेही मी बघितलंय. परदेशातल्या कंपनीकडून मान हवा, आणि आपण स्वतः द्यायचे पैसे मात्र नकोत, हे कसं चालेल?

"अहो पण सगळंच हातचं काम काही भारी नसतं," असं एक मित्र म्हणाला. खरंय. ढिली वीण, वाकडी कड, पहिल्या धुण्यात रंग सोडणारा दोरा, असल्या वस्तूला केवळ हाताची म्हणून जास्त पैसे देऊ नका. नाही परवडलं तर घेऊ नका, यंत्रावरचा दोनशेचा मफलर घ्या, थंडी तेवढीच भागते. त्यात कसलाही कमीपणा नाही. पण आवडलंय, घ्यायचंय, परवडतंय, आणि तरी "बसल्या बसल्या तर होतं" म्हणून भाव पाडायचा, हे मला मान्य नाही. आपणही बसल्या बसल्याच काम करतो की! आपल्या क्लायंटने "टाइपच तर करायचंय" म्हटलं तर कसं वाटतं ते आठवा. (म्हणतातच ते, म्हणा.)

दुसरा मित्र म्हणाला, आता एआय आलंय, नमुने तेच देईल, कामही पुढेमागे यंत्र करेल. नमुन्यांचं म्हणाल तर २०२३ साली लोकांनी चॅटजीपीटीकडून क्रोशाच्या प्राण्यांचे नमुने मागून विणून बघितले होते. जे काय जीव जन्माला आले ते बघून पोटभर हसले सगळे. पुढे नमुने सुधारतीलही. पण नमुना म्हणजे फक्त प्रोग्राम, तो चालवायला हात लागतो, आणि तो हात ज्या गतीने चालतो ती गती आजीच्या काळापासून फारशी बदललेली नाही.

आणि "बायकांचं काम" म्हणून नाकं मुरडणाऱ्या बुवांसाठी एकच उदाहरण. कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना ह्या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली हायपरबोलिक प्रतल क्रोशाने विणून दाखवलं. ठराविक टाक्यांनंतर एक टाका वाढवत जायचं, की कडा लाटांसारखी दुमडत जाते. कागदाची मॉडेलं फाटायची, क्रोशाचं हातात घेऊन दुमडून बघता यायचं. आजीच्या झालरीच्या रुमालात तीच भूमिती होती, तिला कुणी प्राध्यापक म्हटलं नाही एवढंच.

तर करायचं काय? लोकरीचा एक गुंडा आणि एक सुई, दोनशे रुपयांच्या आत काम होतं. घरातल्या आत्या, मावशी, काकू कुणालाही "शिकवता का?" विचारा, त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघण्यासारखं असतं. यूट्यूबवर शिकलात तर एक सांभाळा: अमेरिकन लोक ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात त्यालाच ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणतात. एकाच नावाची दोन फंक्शन्स, आणि डॉक्युमेंटेशन नाही! आपला मुका खांब तो अमेरिकन सिंगल, आणि आपला खांब तो अमेरिकन डबल, एवढं लक्षात ठेवा.

पंचवीस साखळ्या, चोवीस टाके, आणि शेजारी घड्याळ. दहा ओळी झाल्या की किती मिनिटं गेली ते लिहून ठेवा, आणि १७० ओळींना किती तास लागतील ते काढा. मफलर पुरा नाही झाला तरी चालेल. तो कागद पाकिटात ठेवा आणि पुढच्या वेळी तोरण घ्यायला जाल तेव्हा बरोबर न्या.

असो. भेटू पुढच्या शनिवारी, तेव्हा परत डेटाबेस.